गावसभा वर, आम्ही खाली

...होते! होते ना मी तिथे! कोण नाही म्हणतंय? त्याच इमारतीत होते, त्याच वेळेला होते, माझ्या डोक्यावर फक्त लाकडी फळ्या आणि फळ्यांच्या वर सगळी गावसभा, इतकी जवळ होते! आता जो तो मलाच धरतो. दुकानात धरतात, पोस्टात धरतात, परवा तर दंतवैद्याने तोंडात हत्यार घालून विचारलं, "इर्मा, गावात कुणाच्या मांजरीला पिल्लं झाली हे तुला मांजरीच्या आधी कळतं, मग तिकडे शाळेचा गळा कापत होते तेव्हा तू काय करत होतीस?" काय करत होते! तोंडात हत्यार नसतं तर तिथेच सांगितलं असतं. तुम्हाला सांगते. कोबी चिरत होते! शाळेसाठी! शाळेचा गळा वर कापत होते आणि शाळेची सगळी माणसं झाडून कुठे? खाली! तळघरातल्या स्वयंपाकघरात!

आता तुम्ही म्हणाल, सभा सोडून कशाला गेलात खाली? अहो, जेवण कोण करणार? मार्चातली गावसभा म्हणजे सकाळी सुरू होते ती दिवस मावळायला आला तरी चालते, मध्ये जेवण लागतंच, आणि ते जेवण शाळेने करायचं ही आमच्या वेस्ट हार्लोची रीत माझ्या सासूच्या आधीपासूनची. काकवी घालून रात्रभर भट्टीत ठेवलेल्या बीन्स, हॅम, डब्यात वाफवलेला काळा ब्रेड, कोबी, आणि पाई तर विचारूच नका, प्रत्येकीची वेगळी, आणि प्रत्येकीचं दुसरीच्या पाईकडे लक्ष. माणसं पैसे देऊन जेवतात आणि ते पैसे शाळेला जातात. म्हणजे बघा, घरपट्टीतून जे भागत नाही ते बीन्समधून भागवायचं. गेल्या वर्षी बीन्समधून शाळेच्या खिडक्या आल्या. त्याच्या आधी छपराची गळती गेली. आमची शाळा अर्धी घरपट्टीवर उभी आहे आणि अर्धी काकवीवर!

आणि घरपट्टीशिवाय दुसरं आहे काय आमच्याकडे? गिरणी होती ती माझ्या लहानपणीच बंद पडली. कारखाना नाही, हॉटेल नाही, राज्य सरकार दरवर्षी एवढंसं काहीतरी टेकवतं आणि वर मोठं पत्र पाठवतं की आम्हाला शिक्षणाची फार कळकळ आहे. बाकी सगळं घरांवर आणि जमिनींवर. गावात घरं मोजकी, पोरं मोजकी, पण मास्तरणीला पगार काय मोजका देता येतो? नळ गोठला तर प्लंबर काय पोरं कमी आहेत म्हणून कमी घेतो?

बरं, घरपट्टी तरी सरळ असावी की नाही? ते नाही! घर केवढं तेवढ्यावर नाही, घरातून दिसतं काय त्यावर! हसताय? आमच्याकडे देखाव्याला पट्टी आहे. आमचं घर तलावाच्या काठी. माझ्या नवऱ्याच्या, मेरिलच्या, आजोबांनी बांधलं तेव्हा तलावाकाठी कुणी राहत नव्हतं, डासांमुळे. आता शहरातले लोक येऊन त्याच डासांसाठी अव्वाच्या सव्वा पैसे मोजतात, आणि शेजारचं घर केवढ्याला विकलं ते बघून आमच्या घराची किंमत वाढवतात. आकारणी करणारा बाबा आला होता. पायरीवर उभा राहिला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "अहाहा! काय देखावा आहे हो!" मी म्हटलं, "कसला देखावा? पाणी आहे ते." तो म्हणाला, "नाही नाही, सूर्यास्त दिसत असेल ना?" मी म्हटलं, "आम्ही त्या वेळेला भांडी घासतो." लावलीच त्याने! न बघितलेल्या सूर्यास्ताची पट्टी भरतोय आम्ही दरवर्षी! त्या रागाने मी लाकडाचा ढीग खिडकीसमोर रचायला लावला मेरिलला. पुढच्या वेळी बाबा आला, ढिगाला वळसा घालून गेला आणि तिथे उभा राहून बघितलं. झालं. लाकडं मात्र अजून तिथेच आहेत.

म्हणजे पट्टीचा जाच मला कळत नाही असं कुणी समजू नये. कळतो! आमची शेजारीण हॅटी, नवरा जाऊन किती वर्षं झाली, पेन्शन एवढीशी, पट्टी भरायची म्हणून हिवाळ्यात एकाच खोलीत शेगडी लावून बसते आणि बाकी घर गारठत ठेवते. मला हे कसं माहीत? खिडकीवरचा बर्फ बघते ना मी. एका खिडकीवर वितळलेला, बाकीच्यांवर जसाच्या तसा. तेव्हा पट्टी भारी आहे, मान्य. पण म्हणून काय पोरांवर हात टाकायचा?

आणि हात टाकला कुणी, तर नॉर्मन प्रुइटने. हा मूळचा कनेक्टिकटचा, विम्याच्या कंपनीत साहेब होता, निवृत्त झाला आणि टेकडीवर काचेचं घर बांधलं. तीन डोंगर दिसतात घरातून. हौशीने सगळ्यांना बोलावून दाखवले होते, हा एक, हा दुसरा, तो धुक्यातला तिसरा. आकारणीवाल्यालाही दाखवले! बाबाने तिन्ही डोंगर लावले त्याच्या पट्टीला. तेव्हापासून नॉर्मन डोंगरांकडे पाठ करून जेवतो म्हणे, आणि गावसभेत पहिल्या रांगेत बसतो. बोलायची पद्धत किती गोड! चष्मा पुसणार, घसा साफ करणार, "सभापती महोदय, माझा मुलांवर काही राग नाही. मीही एके काळी मूल होतो." होतास का रे बाबा? मला शंका आहे.

तर यंदा. शाळेचा विषय आमच्याकडे नेहमी जेवणानंतर. यात काही योगायोग नाही, आमच्या सासवांनी विचार करून लावलेली ती घडी आहे. हॅम, बीन्स आणि दोन तुकडे पाई पोटात गेलेल्या माणसाला उठून "नाही" म्हणायचा कंटाळा येतो. आणि वाढलेलं उरकून, हात पुसून, आम्ही सगळ्या वर येऊन बसलेल्या असतो, आणि ज्याने आत्ताच तुमच्या हातची पाई खाल्ली त्याला तुमच्या डोळ्यांत बघून शाळेविरुद्ध मत द्यायचं असतं. देऊन दाखव म्हणावं!

आणि नॉर्मनने काय केलं? सकाळीच, रस्त्याच्या खडीवर चर्चा चाललेली, कुणाचं लक्ष नाही, हा उठला. "सभापती महोदय, शाळेचा विषय जेवणाआधी घेऊन टाकावा, म्हणजे मंडळींना निवांत जेवता येईल." किती काळजी मंडळींच्या जेवणाची! आणि मंडळी हो म्हणाली! का? तर दिवसा ऊन आणि रात्री गारठा, मेपलच्या झाडांना पाकाचा रस सुटलेला, प्रत्येकाची झाडाला टांगलेली बादली तिकडे भरून वाहतेय, जो तो म्हणतोय आटपा लवकर. कुणाच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पण शाळेच्या बाजूने बोलणारं एक माणूस वर नव्हतं. मास्तरीण कोरीन लाब्री, शाळेच्या समितीच्या दोघी, पोरांच्या आया, आज्या, दोन बापसुद्धा हॅम कापायला... आणि हे सगळे कुठे? खाली!

मग नॉर्मनने उपसूचना मांडली. शाळेच्या दोन खोल्यांपैकी वरच्या वर्गांच्या, म्हणजे चौथीपासून पुढच्या, खोलीचा खर्च काढून टाका, म्हणजे कोरीनचा पगार काढून टाका, आणि ती मुलं खिंडीपलीकडे मोठ्या शाळेत बसने पाठवा. स्वस्त पडेल! रंगीत आलेख आणला होता, पुठ्ठ्यावर चिकटवून! आता ती खिंड तुम्ही बघितलेली नाही. जानेवारीत मेरिल बर्फ लोटायची गाडी घेऊन जातो त्या रस्त्याने, मी त्याची वाट बघत खिडकीशी बसते, आणि मेरिल काही लहान पोर नाही. माझी नात जोसी चौथीत आहे. पहाटे अंधारात तिला त्या बसमध्ये बसवायचं आणि अंधारातच उतरवून घ्यायचं. आणि वरची खोली बंद झाली की खालची किती दिवस टिकते? शेजारच्या दोन गावांत बघितलंय आम्ही. शाळा गेली की पोरंवाली घरं जातात, पोरंवाली घरं गेली की दुकान जातं, मग उरतात नुसते देखावे!

आवाजी मतदान झालं. "बाजूचे हो म्हणा", तर हॉलमधून एक मोठ्ठा "होऽऽ". तो आम्ही ऐकला! खाली! फळ्या थरथरल्या, दिवा हलला. आणि कोरीन, बिचारी, हातात ब्रेडची सुरी, वर बघून म्हणाली, "चला, रस्त्याची खडी मंजूर झाली वाटतं." आणि आम्ही काय केलं माहितीय? टाळ्या वाजवल्या! ओल्या हातांनी! स्वतःचाच पगार गेला म्हणून मास्तरणीने टाळ्या वाजवल्या, तुम्हाला सांगते, अशी सभा कुठे झाली असेल तर मला दाखवा!

कळलं कसं? हॅटी जिना उतरून आली. एकेक पायरी, हातात विणकाम. टेबलापाशी बसली, सगळ्या पाई बघून घेतल्या आणि म्हणाली, "शाळा गेली गं. कॉफी झाली का?"

मी म्हटलं, "गेली म्हणजे? कुठे गेली?"

"वरची खोली काढली. कोरीन, तुलाही काढलं बहुतेक. ती ब्लूबेरीची कुणाची?"

"हॅटी! आणि तू काय मत दिलंस?"

"मी विणत होते," हॅटी म्हणाली. "टाके मोजत होते. मध्येच बोलले असते तर चुकले असते."

कोरीनने सुरी खाली ठेवली. आता ही कोरीन कशी, तर जोरात बोलत नाही, कधी कुणाला दुखवत नाही, पोरांना गणितं घालते तीही प्रेमाने. ती एवढंच म्हणाली, "मी इथे कोबीवर मीठ घालत होते." आणि ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसले. बास! मला तेवढंच पुरे होतं. मी म्हटलं, चला गं वर! कोबी राहू दे, हॅम राहू दे, चला!

आणि तो जिना चढताना काय दिसत असू आम्ही! ॲप्रन घातलेल्या, कुणाच्या हातात डाव, कुणाच्या कोपरापर्यंत पीठ, पुढे मी. दार ढकललं तर आत सभापती ऑल्डन थर्बर पुढचा विषय वाचतोय. कसला? स्मशानाच्या कुंपणाचा! शाळा बंद करून लगेच स्मशानाला कुंपण! मी म्हटलं, "ऑल्डन! हे काय चालवलंय?"

हातोडी आपटली त्याने. हा माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ, माझ्या लग्नात केक अंगावर सांडला होता, पण गावसभेत त्याला ऑल्डन म्हणायचं नाही. "बोलायचं असेल तर सभापतींना उद्देशून बोला."

"सभापती महोदय," मी म्हटलं, "तुझं डोकं फिरलंय का?"

"ठराव झालाय, इर्मा. रीतसर झालाय."

"आम्ही खाली होतो!"

"सभा वर होती."

"तुमच्याचसाठी रांधत होतो ना?"

"त्याची नोंद इतिवृत्तात घेता येईल," ऑल्डन म्हणाला. असं वाटलं, तो डाव हातात होता तो... जाऊ दे. मावसदीर आहे. पण ऑल्डन अगदीच वाईट नाही. चष्मा वर सारून हळूच म्हणाला, "फेरविचार होऊ शकतो. पण त्याची मागणी तुम्ही करून चालत नाही. ज्याने ठरावाच्या बाजूने मत दिलं त्याच्यापैकीच कुणीतरी उठून म्हणायला हवं, की मी दिलं होतं, आणि मला फेरविचार हवाय. नियम आहे."

मी म्हटलं, एवढंच ना? आत्ता विचारते. "कुणी दिलं बाजूने?"

अहो, काय सांगू! कुणी छताकडे बघतंय, कुणी बुटाला लागलेला चिखल खरवडतंय, कुणाला एकदम खिशात काहीतरी शोधायचं आठवलं. आवाजी मतदान होतं ना, कोण ओरडलं कुणाला माहीत! मी रांगेरांगेने फिरले. पेट्रोलपंपवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "मी? मी खोकलो फक्त." दूधवाला म्हणाला, "मी बाहेर गाडीत होतो." मी म्हटलं, "तुझी गाडी आतल्या कोपऱ्यात ठेवलीय का? कारण तू सकाळपासून इथेच बसलायस." एक जण म्हणाला, मला वाटलं उपाशीपोटी मत मोजत नाहीत. एकाने तर बायकोकडे बघितलं, ती माझ्या मागेच, हातात हॅमचा काटा, आणि तो म्हणाला, "देवाशपथ, मी 'नाही' म्हणालो, पण हळू." सगळे हळू! सगळ्यांनी हळू 'नाही' म्हटलं आणि दिवा हलवणारा तो 'होऽऽ' कुणाचा होता मग? फळ्यांचा? नॉर्मन एकट्याचा? त्याला आम्ही विचारणार तोच हा चष्मा पुसत म्हणाला, "मी बाजूने मत दिलं आहे आणि मला फेरविचार नको आहे. अत्यंत प्रामाणिकपणे सांगतो." घ्या! अख्ख्या गावात खरं बोलणारा एकच निघाला आणि तोही तो!

ऑल्डनने घड्याळ बघितलं. "कुणी नसेल तर पुढे जातो. स्मशानाचं कुंपण..."

आणि मागच्या रांगेत बाक करकरला.

मी वळून बघितलं. मेरिल! माझा मेरिल! जो सभेत गेली तीस वर्षं कधी बोललेला नाही, घरी बोलत नाही, लग्नात पाद्र्याने विचारलं तेव्हा मान हलवून काम भागवणारा मेरिल उभा! टोपी हातात, दाढीत दोन्ही गाल गडप, नजर समोरच्या भिंतीवर.

"दिलं होतं मी," मेरिल म्हणाला.

पायाखालची ती फळीच गेली माझ्या. म्हणजे मी तिकडे कोबी चिरतेय आणि हा माझ्या डोक्यावर उभा राहून... मी म्हटलं, "मेरिल!!"

"सभापतींना उद्देशून," ऑल्डन.

"सभापती महोदय, हा माझा नवरा आहे!"

"सभापतींना माहीत आहे. बोल मेरिल."

मेरिलने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पट्टी भारी आहे," तो म्हणाला. "तलावाचीच दर वर्षी वाढते. बापाने राखलं ते घर मला विकायला लागेल अशी भीती वाटते. म्हणून हो म्हटलं." मग टोपी परत पहिल्या हातात. "पण या खाली होत्या. हे काही बरोबर नाही झालं. फेरविचार घ्या." आणि बसला.

आता मला सांगा, या माणसावर रागवायचं की याच्या गळ्यात पडायचं? मी अर्धी रागावले आणि अर्धी... बाजूला कोरीन माझा हात घट्ट धरून उभी, पीठ लागलेला. त्या पिठाच्या हातानेच मी डोळे पुसले, मग उरलेला सगळा वेळ तोंडावर पीठ घेऊन फिरत होते आणि एकीनेही सांगितलं नाही.

फेरविचार मंजूर झाला, दणक्यात, आता आमचे आवाज होते त्यात! पण नॉर्मन बसून राहील होय? चार जण त्याच्याबरोबर उठले, चिठ्ठीने मतदान मागितलं. नियमच आहे, पाच जणांनी मागितलं की चिठ्ठी. कागदाचा एवढासा कपटा, पडद्याआड जायचं, हो किंवा नाही लिहायचं, लाकडी पेटीत टाकायचं. अख्खा गाव रांगेत. रांग भिंतीला लागून, मग खिडकीशी, मग परत फिरून दारापर्यंत. आणि त्या रांगेत उभी असताना मला वास आला.

तुम्हाला कळलं असेलच कसला. रात्रभर निगुतीने शिजवलेल्या काकवीचा, तळाशी लागायला सुरुवात झाल्याचा पहिला वास. तो ओळखता येत नाही अशी एक बाई आमच्या गावात नाही. सगळ्यांची नाकं एकदम वर. एकमेकींकडे बघतोय. एकीने तरी पळत जाऊन भट्टी बंद करायला हवी! पण जी जाईल तिचं मत जाईल, पेटी बंद होईल तर? मी एक पाय पुढे टाकलासुद्धा, सवय जात नाही हो, तीस वर्षांची सवय! आणि कोरीनने, त्या हळू बोलणाऱ्या कोरीनने, माझ्या ॲप्रनची गाठ मागून धरली आणि म्हणाली, "जळू दे." असं म्हणाली! मग सगळ्याच म्हणायला लागल्या, "जळू दे, जळू दे," आणि पुरुष घाबरले बघा, कारण धूर आता जिन्यातून वर यायला लागला होता. फायर ब्रिगेड बोलवायचं का, कुणीतरी विचारलं. फायर ब्रिगेड म्हणजे मेरिल आणि पंपवाला. दोघंही रांगेत!

एकच जण खाली गेला. नॉर्मन! मत देऊन झालं होतं त्याचं, पहिला होता ना रांगेत. जाऊन भट्टी बंद केली, मडकी बाहेर काढली, हात भाजून घेतला. हे मला सांगायला आवडत नाही पण सांगितलंच पाहिजे, नाहीतर माझ्यात आणि त्या 'हळू नाही' म्हणणाऱ्यांत फरक काय?

मोजणी झाली. ऑल्डनने एकदा मोजलं, मग परत मोजलं, मग चष्मा बदलून मोजलं. उपसूचना पडली. एका मताने! शाळा राहिली! कोरीन मटकन बाकावर बसली, ॲप्रन तोंडाला लावून रडली, मी ओरडले, डाव नाचवला, हॅटीने पहिल्यांदाच विणकाम खाली ठेवलं.

पण थांबा. माझा आनंद दोन मिनिटं टिकला, कारण मग माझ्या डोक्यात आकडा शिरला. एका मताने! म्हणजे पडद्याआड गेल्यावर निम्म्या गावाने परत शाळा काढायलाच सांगितलं! तीच माणसं! जी खोकत होती, गाडीत होती, देवाशपथ हळू 'नाही' म्हणत होती! आणि आता? आता गावात जो भेटतो तो म्हणतो, "ते एक मत माझं हं, इर्मा." पंपवाला म्हणतो माझं. दूधवाला म्हणतो माझं. ज्याच्या बायकोच्या हातात काटा होता तो तर रोज म्हणतो, जोरात म्हणतो. सगळ्यांनी दिलंय, मग ती दुसरी मतं कुणाची? शहरातून आलेल्या डासांची?

जेवण झालं बरं का. मडक्याचं वरचं वर काढून वाढलं. काळं लागलं होतं ते खरवडून टाकलं आणि उरलेल्याला धुराचा वास होता. कुणी तक्रार केली नाही, भीतीने असेल. नॉर्मन ताट घेऊन आला, हाताला पट्टी गुंडाळलेली. सगळ्यांसारखे जेवणाचे पैसे दिले आणि वर शाळेच्या देणगीच्या डब्यात एक नोट टाकली. मी बघितलं. मी म्हटलं, "नॉर्मन, आत्ता तर शाळेचा खर्च कापत होतास." तर म्हणतो, "ते पट्टीतून. हे बीन्समधून. इथे कुणी माझ्या घरातून काय दिसतं ते विचारत नाही." आणि कोपऱ्यात एकटा बसून खाल्लं. मी जाऊन बसले त्याच्यापाशी. बसावंच लागलं, एकटा माणूस जेवताना मला बघवत नाही, कितीही आगाऊ असला तरी. पाईचा दुसरा तुकडाही दिला. पैसे घेतले, अर्थात.

पण माझं लक्ष जेवणात नव्हतं. माझं लक्ष होतं समोरच्या टेबलावर, जिथे मेरिल बसून बीन्स खात होता. सावकाश. नेहमीसारखा. कधी एकदा घरी जातोय असं झालं मला. गाडीत बसल्या बसल्या विचारलं, "मेरिल, पडद्याआड काय लिहिलंस?"

"चिठ्ठी गुप्त असते, इर्मा."

"माझ्यापासून?"

"तुझ्यापासूनच तर," म्हणाला! आणि गाडी सुरू केली.

मी म्हटलं, "अरे पण फेरविचार तूच मागितलास ना सगळ्यांसमोर?"

"मागितला, तो तुम्हाला मत देता यावं म्हणून. माझं मत माझं."

आणि बस! एवढ्यावर तोंड मिटलं ते मिटलं! मार्च गेला, चिखल गेला, माश्या आल्या, तलावावरचे लोक आले, तलावावरचे लोक गेले, हा बोलत नाही. मी सगळे मार्ग करून बघितले. आवडीचं डुकराचं मटण भट्टीत भाजलं. गोड बोलले. रुसले. झोपेत विचारलं, तर झोपेत कूस बदलली. मी म्हटलं, बरं, मी पट्टीचं बिल आलं की तोंडाकडे बघीन, वाढलेला आकडा वाचताना माणसाचा चेहरा खोटं बोलत नाही! डिसेंबरात बिल आलं. वाढलेलंच होतं, तलावामुळे अर्धं आणि शाळेमुळे अर्धं. मी स्वयंपाकघरात ताटं पुसत उभी, एकच ताट, पुसतेय पुसतेय, डोळे त्याच्यावर. त्याने चष्मा लावला, बिल वाचलं, खालून वर वाचलं, चेक लिहिला, पाकिटात घातला, तिकीट लावलं. मग बाहेर जोसी शाळेतून चालत येताना दिसली तेव्हा खिडकीतून तिला हात केला. तेवढंच.

आता तुम्हीच सांगा, त्या हात करण्यावरून काय कळायचं? गावात कुणाच्या घरात कुणाची शेगडी कधी पेटते ते मला माहीत, कुणाचं कुणाशी का बोलणं नाही ते माहीत, त्या पडद्याआड गेलेल्या प्रत्येकाचं मत मी चालण्यावरून सांगू शकते... आणि ज्याच्याशी तीस वर्षं एका उशीवर डोकं टेकवलं त्याच्या एका कपट्यावर काय होतं ते मला मरेपर्यंत कळायचं नाही. चेहरा बघावा म्हणाल, तर तो ऑक्टोबरपासून दाढीत जातो तो मे महिन्यात बाहेर येतो. आणि मे महिन्यात काय विचारणार? तोवर पट्टीचा पुढचा हप्ता आलेला असतो!